जेवायला न बसलेला हात

आमच्या घरात माझ्या डाव्या हाताला जेवायला बसायची परवानगी नव्हती. तो मांडीवर पडून राहायचा आणि उजवा जेवायचा. एका हाताने पोळी तुटत नाही अशी तक्रार मी लहानपणी करून पाहिली, तेव्हा आईने समोर बसून अंगठा आणि दोन बोटांनी घास कसा तोडायचा ते इतक्या वेळा दाखवलं, की तिची स्वतःची पोळी गार होऊन गेली. प्रसाद, तीर्थ, मोठ्यांना द्यायचं पाणी, पेन्सिल, पुढे जपानी शाळेत गेल्यावर चॉपस्टिक, सगळं उजव्याकडे. डावा पुढे आला म्हणून आई कधी रागावली नाही. हातातली वाटी जराशी मागे घ्यायची आणि उजवा येईपर्यंत थांबायची. इतक्या शांतपणे कुणी थांबलं की हट्ट करायला जागाच राहत नाही. शाळेत जायच्या वयापर्यंत मीही स्वतःला उजवाच समजायला लागलो होतो. फक्त काही फेकायचं झालं, उशी म्हणा, कागदाचा बोळा म्हणा, की डावा हात मला न विचारता उठायचा.

हे मी मराठीत लिहितोय याचं बाबांना नवल वाटलं. माझी शाळा, मैदान, संघाचं वसतिगृह, सगळं जपानीत गेलं. घरीसुद्धा आई मराठीत बोलायची आणि मी जपानीत उत्तर द्यायचो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. पण जपानीत लिहिलं तर आईला धड वाचता येणार नाही, आणि हे तिने वाचावं म्हणूनच लिहितोय. दर रविवारी तिनेच माझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली होती, अर्थात उजव्या हाताने. शुद्धलेखन ती तपासेलच. माझ्याबरोबर शिकलेले लोक आता कुठे ऑफिसात बढतीची वाट बघतायत आणि मी निवृत्त आहे. बेसबॉलमधल्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, म्हातारपण केस पांढरे व्हायची वाट बघत नाही, ते कोपरापासून सुरू होतं. रोज सकाळी उठल्यावर आज हात किती उघडतोय ते मी आधी पाहतो आणि मग दात घासायला जातो.

दोन हजार अकराच्या भूकंपानंतर आई आणि मी काही आठवडे पुण्याला आत्याकडे राहून आलो. बाबा इथेच थांबले, कारण कावासाकीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत पडलेली यंत्रं पुन्हा उभी करायची होती. आम्ही परतलो तेव्हा टोकियोजवळच्या इचिकावातली आमची इमारत निम्मी रिकामी झाली होती. पूर्वी प्रत्येक मजल्यावर एक-दोन भारतीय घरं असायची, त्यातली बहुतेक निघून गेली होती, काही तर खिडक्यांचे पडदेही न काढता. सायकलींच्या शेडमध्ये मुलांच्या छोट्या सायकली तशाच उभ्या होत्या आणि ज्याची असेल त्याने घेऊन जावी अशा चिठ्ठ्या त्यांच्या हँडलला बांधलेल्या होत्या. "आपणही दोन वर्षांत जाऊ," बाबा म्हणाले. हे वाक्य आमच्याकडे पुढे दर दिवाळीला म्हटलं जायचं. त्या उन्हाळ्यात मला खेळायला कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या केंताला तर आधीपासूनच कुणी नव्हतं, कारण त्याला बेसबॉलशिवाय दुसरं काही खेळायचंच नसे.

केंताने त्याचा जुना ग्लोव्ह मला दिला. तो डाव्या हातात घालायचा होता, म्हणून मी आईच्या शिकवणीप्रमाणे उजव्याने चेंडू टाकला आणि तो चार पावलांवर जाऊन पडला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर वैतागून मी ग्लोव्ह काढून ठेवला आणि डाव्याने टाकला. केंताचे वडील पायऱ्यांवर बसून कॉफी पीत होते. ते उठून आले आणि म्हणाले, "परत टाक." मी परत टाकला. त्यांनी आणखी दहा-बारा वेळा टाकायला लावला, आणि पुढच्या रविवारी कुठून तरी उजव्या हातात घालायचा, डावखुऱ्यांचा वापरलेला ग्लोव्ह घेऊन आले. डावखुरा पिचर मिळणं ही इथे केवढी मोठी गोष्ट आहे ते त्यांनी आमच्या दारात उभं राहून आईला समजावलं. तिला अर्धंच कळलं. दार लावल्यावर ती बाबांना म्हणाली, "चेंडू काही अन्न नाही आणि देवही नाही. बाहेर टाकू दे. घरात मात्र उजवा." एवढ्या एका सवलतीवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं.

त्यानंतरची घराची आठवण म्हणजे आवाज आहेत. पहाटे राइस कुकर शिजवून झालं की एक छोटी धून वाजवायचा. मग आईचा ब्रश. पांढऱ्या पँटचा गुडघ्यावरचा चिखल मशीनमध्ये निघत नाही, म्हणून ती बाल्कनीत उकिडवी बसून तो घासायची, थंडीत बोटं लाल होईपर्यंत. मशीन त्यानंतर लागायचं. संध्याकाळी पाच वाजता नगरपालिकेच्या कर्ण्यावर मुलांनी घरी जावं म्हणून गाणं लागायचं आणि आम्ही मैदानातून हलायचो नाही. हायस्कूलच्या संघात गेल्यावर भाताचा कारभार सुरू झाला. प्रत्येक पोराने दुपारी अमुक इतका भात खायचाच, महिन्याला वजन वाढलंच पाहिजे, असा नियम होता. डबे लोणच्याच्या बरणीएवढे. बाकीच्यांच्या डब्यात पांढराशुभ्र भात आणि वर एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, माझ्या डब्यात पिवळाधमक मसालेभात, नाहीतर फोडणीचा दहीभात. सुरुवातीला पोरं हसली आणि महिन्याभरात अदलाबदल करायला लागली. आम्ही मांसाहारी नाही हे कळल्यावर कांतोकुंनी, म्हणजे आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी, आईला बोलावून काळजी व्यक्त केली होती. त्यानंतर तिने एक वेगळा तवा आणला आणि नाकाला पदर लावल्यासारखं तोंड करून माझ्यासाठी अंडी करायला लागली. डोकं तर संघात सगळ्यांचंच भादरलेलं. पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर आत्याने मला तसं पाहिलं आणि फोन खाली ठेवून आधी रडून घेतलं. तिला वाटलं, बाबांचं काही झालं आणि आम्ही तिच्यापासून लपवतोय. बाबांना पुढ्यात आणून बसवावं लागलं.

आईने इंडियन किराणा दुकानातला पार्ट-टाइम जॉब याच काळात सोडला, कारण शनिवार-रविवार तिची मैदानावर पाळी असायची. पालकांनी पाळीपाळीने येऊन प्रशिक्षकांना, पंचांना चहा द्यायचा, मुलांच्या पाण्याच्या टाक्या भरायच्या, ही तिथली रीत. ती सगळ्या आयांमध्ये ठेंगणी, टोपी घालून एका टोकाला उभी राहायची, आणि चुकू नये म्हणून इतरांकडे बघून बघून अर्ध्या क्षणाने मागून वाकायची. मला तेव्हा तिची लाज वाटायची. आज त्या लाजेची लाज वाटते, पण तेव्हाची खरी गोष्ट तीच होती.

कोपर दुखायला लागलं ते दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात. आम्ही रोज शंभर-दीडशे चेंडू टाकायचो, सराव-शिबिरात दोनशेच्या वर. दमायचो इतके की परतीच्या गाडीत उभ्याउभ्या झोप लागायची आणि दोनदा तर मी शेवटच्या स्टेशनला जाऊन पोचलो. आधी नुसतं ठणकायचं. मग हात पूर्ण सरळ होईना. मग शर्टाचं वरचं बटण त्या हाताने लागेना, म्हणून ते उजव्याने लावायला लागलो. आणि इथे आमच्या घराची रीत माझ्या कामी आली. दुसऱ्या कुठल्या डावखुऱ्या पोराची आई पहिल्या आठवड्यातच ओळखती. त्याच्या हातून चॉपस्टिक निसटली असती, अक्षर बिघडलं असतं. माझ्या घरात डावा हात काही करतच नव्हता, तर तो अडणार कशाला? मी रोज आईसमोर बसून उजव्या हाताने पोटभर जेवत होतो आणि ती समाधानाने बघत होती. मैदानावर केंताला शंका होती, तो माझा कॅचर, माझा प्रत्येक चेंडू झेलणारा. पण त्यालाही स्पर्धा हवी होती.

आम्हा सगळ्यांनाच हवी होती. शरदातली विभागीय स्पर्धा चालू होती, माझ्या पाठीवर पहिल्या पिचरचा एक नंबर होता, आणि येत्या शनिवारचा सामना जिंकला की वसंतातल्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं जवळजवळ नक्की. तिथे व्यावसायिक संघांचे लोक येऊन बसतात. शिवाय त्याच उन्हाळ्यात बाबांना पुण्याच्या एका संस्थेने बोलावलं होतं, हवी तशी नोकरी, आणि त्यांनी नकार कळवला होता. मला कुणी सांगितलं नाही. आई आत्याला फोनवर म्हणाली, "चिनूच्या हाताचं काय ते होऊ दे, मग बघू," ते मी दाराआडून ऐकलं. आईबापांचं परत जाणं ज्या हातावर टांगलेलं आहे, तो हात दुखतोय हे सांगायचं कुणाला?

नरकचतुर्दशी त्याच आठवड्यात आली. सकाळच्या सरावासाठी लवकरची गाडी गाठायची असायची, म्हणून आईने साडेचारलाच उठवलं. पाट नव्हता; न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल होतं, त्याच्याभोवती तिने रांगोळीचे चार ठिपके काढले होते. कारीट इथे मिळत नाही, म्हणून आम्ही डाव्या पायाच्या अंगठ्याने चेरी टोमॅटो फोडायचो. डाव्या बाजूला वर्षातून मिळणारा एवढाच काय तो मान. आदली दोन वर्षं मी मोठा झालो म्हणून तेल लावून घेतलं नव्हतं. त्या दिवशी अंगात नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. मी डोळे मिटून बसलो आणि आईने भादरलेल्या डोक्यावर तेल थापलं, मग पाठ, मग उजवा हात. मग तिने डावा हातात घेतला.

"हात सरळ कर," ती म्हणाली.

"केलाय," मी जपानीत म्हणालो.

"अरे, सरळ."

तिने एका हाताने मनगट धरलं, दुसरा तळवा कोपराखाली ठेवला आणि हलकेच ओढलं. मी श्वास धरून बसलो. तिचा हात तिथेच थांबला. बोटांनी तिने कोपराच्या आतली बाजू चाचपली, मग उजवं कोपर चाचपलं, मग पुन्हा डावं.

"दुखतंय का, चिनू?"

"दाइजोबु," मी म्हणालो. काही झालेलं नाही, काळजी नको, तुम्ही आपलं काम करा, हे सगळं त्या एका शब्दात बसतं. मैदानावर आम्ही तो दिवसातून पन्नास वेळा म्हणायचो.

"दुखतंय का, एवढंच विचारतेय."

"दाइजोबु."

तिने टॉवेलला हात पुसले. "मी बाबांना उठवते. आज सरावाला जायचं नाही. तुझ्या कांतोकुंना मी फोन करते, येईल तसं बोलेन."

तेव्हा मी मराठीत बोललो. तिला एक अक्षरही चुकू नये म्हणून मुद्दाम मराठीत. "तुला आत्ता दिसला होय हा हात? इतकी वर्षं तुला तो ताटाजवळसुद्धा चालला नाही. तो तुझा नाहीच. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन." तिचा चेहरा मला अजून दिसतो, पण त्याचं वर्णन करायला मला जमणार नाही. मी तिथेच थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण मी पुढे म्हणालो, "शनिवारपर्यंत कुणाला सांगायचं नाही. बाबांनाही नाही. शपथ घे."

"कुणाची?"

"माझी."

माझ्या आईला शपथांचं भय वाटतं, मुलाच्या शपथेचं तर फारच, हे मला पक्कं माहीत होतं. तिने माझ्या तेलकट डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझी शपथ." नंतर तिने उटणं लावलं, पाणी ओतलं, ओवाळलं. मी चकल्या खाल्ल्या, उजव्या हाताने, आणि गाडी गाठली.

शनिवारी चहाची पाळी नेमकी तिची होती. सामना सुरू होण्याआधी मी कडेला हात मोकळा करत होतो आणि ती ट्रे घेऊन कांतोकुंकडे जाताना दिसली. तिने दोन्ही हातांनी कप ठेवला, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. इतर आया केव्हाच सरळ झाल्या. कांतोकुंनी वर पाहून काहीतरी विचारलं. मला वाटलं, संपलं, आता ही सांगते. मला राग आला की सुटल्यासारखं वाटलं हे आजही नक्की सांगता येत नाही, बहुधा सुटल्यासारखंच. ती सरळ झाली, नाही अशी मान हलवली आणि ट्रे घेऊन आपल्या जागी परत गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

पाच डाव बरे गेले. सहाव्यात केंता जाळीचा मुखवटा वर करून माझ्यापर्यंत चालत आला. "कोपर?" त्याने विचारलं. मी दाइजोबु म्हणालो. "चेंडूचा आवाज बदललाय," तो म्हणाला आणि परत गेला. आम्ही एका धावेने पुढे होतो. सातव्या डावात दोन बॅटर बाद झाल्यावर मी एक चेंडू टाकला आणि कोपरात ओलं फडकं फाटावं तसं काहीतरी झालं. चेंडू केंताच्या डोक्यावरून मागच्या कुंपणावर जाऊन आदळला. मी ग्लोव्हने कोपर धरून खाली बसलो. कांतोकु धावत आले, सगळे आले, आणि मी मान वर करून आधी आयांच्या रांगेकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. चहाचा ट्रे छातीशी धरून उभी होती. तो सामना आम्ही हरलो, आणि वसंताचं बोलावणं दुसऱ्या शाळेला गेलं. केंताला ती संधी पुन्हा आली नाही. तो आता नगरपालिकेत नोकरी करतो, मला भेटतो, माझ्यापेक्षा जास्त पितो, आणि त्या शनिवारबद्दल चुकूनही बोलत नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि हे एका दिवसाचं दुखणं नाही म्हणाले. मग आईकडे वळून, अगदी साधेपणाने, त्यांनी विचारलं की मुलगा डावखुरा आहे, तर जेवताना, लिहिताना त्याला त्रास होत असणार, घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का? आईने माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत तिला सांगितलं, "किती दिवस विश्रांती घ्यायची ते सांगतायत."

"मला कळलं ते काय म्हणाले," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून तुटक्या जपानीत तिने सांगितलं, "उजव्या हाताने जेवतो. मी शिकवलं. मी." डॉक्टरांना त्यात काय आहे ते समजलं नाही. त्यांनी नम्रपणे मान डोलावली आणि ऑपरेशनबद्दल बोलायला लागले. आई दोष घेत होती आणि मी शेजारी बसून तो घेऊ दिला. शपथेबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, तिनेही नाही, बाबांपुढेही नाही. बाबांना आजपर्यंत वाटतं की त्या शनिवारीच काय ते झालं.

ऑपरेशनमध्ये माझ्या उजव्या मनगटातला एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. वर्षभराने मी पुन्हा चेंडू टाकायला लागलो. पुढची गोष्ट लांबवण्यासारखी नाही. एका व्यावसायिक संघाने मला अगदी शेवटी, शिकाऊ म्हणून घेतलं. पाठीवर तीन आकडी नंबर, वसतिगृहात अरुंद खोली, संघाच्या दुय्यम तुकडीच्या मैदानावर भर दुपारचे रिकाम्या खुर्च्यांपुढचे सामने. काही वर्षांनी मोठ्या संघात बोलावलं तेही एकेका डावखुऱ्या बॅटरपुरतं. मैदानाच्या टोकापासून धावत यायचं, चार-पाच चेंडू टाकायचे, आणि तो बाद झाला काय किंवा नाही काय, खाली मान घालून परत जायचं. त्या चार चेंडूंसाठी हाताला सकाळपासून तापवायचं आणि रात्री बर्फात ठेवायचं. मी वाईट पिचर नव्हतो. पण सोळाव्या वर्षीचा चेंडू परत कधी आला नाही, हे मला आणि केंताला माहीत आहे. मग एका शरदात फोन आला, उद्या सूट घालून ऑफिसात या. सूट घालून या म्हटलं की करार संपला, हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक असतं. मी आईला फोन करून सांगितलं. "जेवलास का?" ती म्हणाली.

आईबाबा अजून इचिकावातच आहेत. दोन वर्षांत जायचं आता कुणी म्हणत नाही. यंदा दिवाळीला मी घरी होतो. घाईची गाडी नव्हती, तरी तिने अंधारातच उठवलं. तेच स्टूल, फक्त माझ्या वजनाने आता कुरकुरणारं. टोमॅटो फोडून झाला. तिने तेल घेतलं आणि डोक्याआधी, उजव्या हाताआधी, डावा हात ओढून घेतला. ती आता असंच करते, कधीपासून ते मला आठवत नाही. एका हाताने मनगट, दुसरा तळवा कोपराखाली. जिथवर उघडतो तिथवर नेऊन ती थांबली.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

जीभ सवयीने तोच शब्द म्हणायला निघाली होती. "हो," मी म्हणालो. "दुखतंय, आई. तेव्हाही खूप दुखत होतं. मी तुला शपथ घालायला नको होती."

तिने पुन्हा वाटीत बोटं बुडवली आणि कोपराच्या आतल्या बाजूला, शिवणीच्या खुणेवरून, तेल जिरवायला लागली. जिरवता जिरवता म्हणाली, "भांडलास ते मराठीत. दुखत होतं तेवढं मात्र जपानीत." हात चालूच होता. बाहेर कुकरची धून वाजून संपली, बाबा उठल्याची चाहूल लागली, आणि वाटीतलं तेल संपेपर्यंत तिने तो हात सोडला नाही.